राज्योत्सव: कन्नड समाजाचा १ नोव्हेंबर

भाषिक राज्याचा स्थापना दिन हा भारतीय समाजजीवनातला तसा नवा सण आहे. त्याला पंचांगाचा आधार नाही, व्रतकथा नाही, कुळाचार नाही, आणि त्याची तारीख कोणा ऋषीने वा संताने ठरवलेली नसून संसदेच्या एका कायद्याने ठरलेली आहे. अशी तारीख लोकांच्या मनात रुजेलच याची शाश्वती नसते, आणि देशातल्या बहुतेक राज्यांचे स्थापना दिन ध्वजवंदन, संचलन आणि वृत्तपत्रांतील सरकारी जाहिराती एवढ्यावरच आटोपतात. राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला त्या १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी आंध्र प्रदेश, केरळ, मध्य प्रदेश आणि विशाल म्हैसूर ही राज्ये नव्या रूपात अस्तित्वात आली. परंतु त्यांपैकी कन्नड भाषकांनी या तारखेला जितके आपलेसे केले, गल्लीबोळांत आणि रिक्षाथांब्यांवर आणले आणि एका दिवसाचा महिनाभर लांबणारा उत्सव बनवले, तितके बाकीच्या तिघांत क्वचितच घडले. हे कसे घडले आणि त्यात मराठी समाजाचा वाटा कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा वाटा दुहेरी आहे, कारण कन्नड अस्मितेच्या घडणीत मराठी हा एकाच वेळी आदर्शही होता आणि प्रतिस्पर्धीही.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यानंतर कन्नड मुलूख सुमारे वीस वेगवेगळ्या सत्तांखाली विखुरला गेला. मध्यभागी वडियार घराण्याचे म्हैसूर संस्थान होते. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात, मंगळूर आणि बळ्ळारी मद्रास इलाख्यात, गुलबर्गा, रायचूर व बिदर निजामाच्या राज्यात, कोडगू थेट इंग्रजांकडे, आणि मधूनमधून जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावनूर, सोंडूर अशी लहान संस्थाने. म्हैसूरबाहेरच्या बहुतेक तुकड्यांत कन्नड माणूस कुणा ना कुणा दुसऱ्या भाषेच्या सावलीत होता: मद्रास इलाख्यात तमिळ आणि तेलुगूच्या, निजामाकडे उर्दूच्या, आणि मुंबई इलाख्यात मराठीच्या. धारवाडसारख्या कन्नडबहुल जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कन्नड घरांतली मुले शाळेत मराठी शिकत होती, कचेरीतले कागद मराठीत होते आणि प्रतिष्ठेची भाषाही मराठीच होती. शिक्षण खात्यातील अधिकारी डेप्युटी चन्नबसप्पा यांनी १८६० च्या दशकात गावोगावी कन्नड शाळा उघडवल्या, तेव्हा कुठे हे चित्र पालटू लागले. पुढे १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, आणि कन्नड ग्रंथांना बक्षिसे देणे, नियतकालिक चालवणे, व्याख्याने भरवणे या मार्गांनी त्या संघाने कन्नडला सुशिक्षितांची भाषा बनवण्याचे काम हाती घेतले. मराठी वाचकाने हा इतिहास मोकळेपणाने स्वीकारावा असा आहे. ज्या काळात मराठी लेखक इंग्रजीच्या दडपणाविषयी तळमळीने लिहीत होते, त्याच काळात कृष्णेच्या दक्षिणेला तेच दडपण मराठीच्या रूपाने जाणवत होते.

या पार्श्वभूमीवर आलूर वेंकटराव (१८८०–१९६४) यांचे कार्य पाहावे लागते. कन्नड समाज त्यांना 'कर्नाटक कुलपुरोहित' म्हणतो. विजापूरला जन्मलेल्या वेंकटरावांचे उच्च शिक्षण पुण्यात झाले, लोकमान्य टिळकांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता आणि 'गीतारहस्या'चे कन्नड भाषांतर त्यांनीच केले. पुण्यातल्या त्या वर्षांत महाराष्ट्र आपल्या इतिहासाकडे नव्याने पाहत होता. बखरी आणि कागदपत्रे शोधली जात होती, शिवजयंती आणि गणेशोत्सव सार्वजनिक झाले होते, आणि एक समाज आपल्या भूतकाळातून राजकीय बळ कसे मिळवतो याचा धडा तिथे उघड्यावर दिला जात होता. वेंकटरावांनी तो धडा कन्नड भूमीला लावला. कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट, होयसळ आणि विजयनगर या राजवटींना एका माळेत ओवून त्यांनी १९१७ मध्ये 'कर्नाटक गतवैभव' हा ग्रंथ सिद्ध केला, आणि वीस तुकड्यांत विखुरलेल्या लोकांना त्यांचा भूतकाळ एक असल्याचे सांगितले. त्या ग्रंथातील इतिहासदृष्टीवर आजचा संशोधक अनेक आक्षेप घेईल, आणि ते रास्तही ठरतील, कारण त्या राजवटींना आपण 'कन्नड राष्ट्र' चालवत आहोत अशी जाणीव होती असे मानण्यास आधार नाही. तरीही राज्य अस्तित्वात येण्याआधी ते कल्पनेत उभे राहावे लागते, आणि ते उभे करणारा हा ग्रंथ होता, ही गोष्ट त्या आक्षेपांनी उणावत नाही.

कल्पनेला उत्सवाचे रूप देण्याचे काम धारवाडच्या एका माणसाने केले. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांच्या घरची भाषा मराठी होती आणि शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते. त्यांनी १९२६ मध्ये आपल्या मित्रमंडळींसह 'नाडहब्ब' सुरू केला. कन्नडमध्ये नाड म्हणजे आपला मुलूख आणि हब्ब म्हणजे सण. नवरात्राच्या दिवसांत देवीच्या पूजेबरोबर कन्नड भूमीच्या इतिहासावर, साहित्यावर आणि कलांवर रोज सभा भरवायच्या, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाशी त्याचे नाते सांगण्याची गरज पडू नये. नवरात्राची निवड मात्र विचारपूर्वक होती, कारण विजयनगरचा महानवमी उत्सव आणि म्हैसूरचा दसरा यांमुळे शरदातली देवी कन्नड स्मरणात राज्यसत्तेशी आधीच जोडलेली होती. पुढे राज्योत्सवात भुवनेश्वरी देवीची जी प्रतिमा केंद्रस्थानी आली, तिची वाट या नाडहब्बाने तयार केली होती. घरात मराठी बोलणाऱ्या कवीने कन्नड भूमीच्या सणाचा पाया घालावा, यात धारवाडचे खरे वैशिष्ट्य दिसते. तिथे भाषांची सरमिसळ रोजच्या जगण्यात होती आणि निष्ठा जन्माने न ठरता निवडीने ठरत असे.

राजकीय चळवळीचा आरंभबिंदू म्हणून कन्नड इतिहासकार १९२४ च्या बेळगावकडे बोट दाखवतात. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन तिथे भरले. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर हे नाव दिले होते, हुइलगोळ नारायणराव यांनी रचलेले कन्नड भूमीच्या उदयाचे गीत तिथे गायले गेले, बालवयातल्या गंगूबाई हनगल तिथे स्वागतगीत गायल्या, आणि त्याच निमित्ताने पहिली कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. त्यानंतरची तीन दशके ठराव, परिषदा आणि प्रतीक्षा यांत गेली. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांनी स्वतंत्र तेलुगू राज्यासाठी उपोषणात प्राण दिल्यानंतर आंध्र राज्याची घोषणा झाली, तशी उत्तर कर्नाटकातली अस्वस्थता शिगेला पोहोचली. १९५३ मध्ये अदरगुंची येथील शंकरगौडा पाटील यांनी उपोषण केले आणि हुबळीत लोकक्षोभ उसळला. अखेर राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाझल अली आयोगाने १९५५ मध्ये कन्नड राज्याची शिफारस केली.

या सगळ्यात एक गोष्ट मराठी वाचकाला अपरिचित असण्याचा संभव आहे, आणि राज्योत्सवाचे स्वरूप समजण्यासाठी तीच कळीची आहे. एकीकरणाची हाक उत्तरेतून, म्हणजे परक्या प्रशासनाखाली राहिलेल्या भागांतून येत होती. जुन्या म्हैसूर संस्थानातल्या अनेक पुढाऱ्यांना मात्र ते नको होते. म्हैसूर हे धरणे, वीज, कारखाने आणि विद्यापीठ असलेले सुस्थितीतले राज्य होते. मागास जिल्ह्यांचा भार आपल्यावर पडेल आणि नव्या राज्यात लिंगायत समाजाचे प्राबल्य होऊन वोक्कलिगांचा प्रभाव ओसरेल, अशी भीती उघडपणे बोलली जात होती. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या आणि कवी कुवेंपू यांच्यासारख्यांनी त्या प्रवाहाविरुद्ध उभे राहून एकीकरणाची बाजू घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बंगळुरात नव्या राज्याचे उद्घाटन झाले, निजलिंगप्पा मुख्यमंत्री झाले, आणि वृद्ध आलूर वेंकटराव हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात भुवनेश्वरीच्या पूजेला गेले. पण राज्याचे नाव म्हैसूरच राहिले. ज्यांनी कर्नाटकाचे स्वप्न पाहिले त्यांना कर्नाटक हे नाव मिळण्यासाठी आणखी सतरा वर्षे थांबावे लागले. देवराज अरस मुख्यमंत्री असताना १ नोव्हेंबर १९७३ रोजी ते मिळाले, तेव्हा वेंकटराव हयात नव्हते. राज्य आधी आले आणि आपण सारे एक आहोत ही भावना नंतर घडवावी लागली, या उलट्या क्रमामुळेच कन्नड समाजाला दरवर्षीच्या उत्सवाची इतकी निकड भासली.

ती भावना घडण्याचे रणांगण ठरले बंगळूर. १८०९ पासून तिथे ब्रिटिश छावणी होती आणि छावणीचा भाग तमिळ, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी बोलत असे. स्वातंत्र्याच्या आगेमागे विमाने, दूरध्वनी यंत्रे, घड्याळे बनवणारे केंद्र सरकारचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर देशभरातून कामगार आले. आपल्याच राजधानीत कन्नड मातृभाषा असलेल्यांचा वाटा निम्म्याहून कमी राहिला. १९६० च्या दशकाच्या आरंभी रामनवमीच्या संगीत महोत्सवात बाहेरच्या कलावंतांना मानाचे स्थान आणि कन्नड कलावंतांना दुय्यम वागणूक मिळते, यावरून कादंबरीकार अ. न. कृष्णराव यांनी आवाज उठवला. चित्रपटगृहांत तमिळ आणि हिंदी चित्रपटांची गर्दी असे आणि कन्नड चित्रपटाला पडदा मिळत नसे, हा दुसरा सल होता. या चळवळीतले पत्रकार आणि रहस्यकथालेखक म. राममूर्ती यांनी पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचा ध्वज तयार केला, आणि तोच पुढे सर्वमान्य कन्नड ध्वज झाला. पिवळा हळदीचा आणि तांबडा कुंकवाचा. कन्नडमध्ये अरिशिन आणि कुंकुम. राजमुद्रा, सिंह, दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी ही सारी राजवटींची चिन्हे बाजूला ठेवून घराच्या उंबरठ्यावरचे दोन रंग ध्वजासाठी निवडले गेले, हे राममूर्तींचे मोठे शहाणपण होय, कारण त्या रंगांची ओळख शिकवावी लागली नाही. या ध्वजाला आजही कायदेशीर मान्यता नाही. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर गंडभेरुंड असलेला तिरंगी राज्यध्वज मंजूर करून केंद्राकडे पाठवला, पण लोकांनी आपला दुरंगीच जवळ ठेवला आहे.

नोव्हेंबरातल्या बंगळुरात हा ध्वज दिसतो तो सर्वांत आधी रिक्षाथांब्यावर. तिथे कायमचा एक लोखंडी खांब आणि त्याखाली सिमेंटचा चौथरा असतो. १ तारखेच्या पहाटे चौथरा धुऊन रांगोळी घातली जाते, कर्नाटकाच्या नकाशासमोर बसलेल्या किंवा उभ्या भुवनेश्वरीची तसबीर मांडली जाते, तिला झेंडूचे हार घातले जातात, नारळ फुटतो, ध्वज चढतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातावर लाडू किंवा केसरीभात ठेवला जातो. रिक्षांच्या आरशांना पिवळ्या-तांबड्या फिती बांधलेल्या असतात आणि गळ्यात त्याच रंगांचे उपरणे असते. देवीच्या शेजारी हमखास दोन-तीन चित्रपट कलावंतांच्या तसबिरी असतात: राजकुमार, त्यांचे पुत्र पुनीत, आणि शंकर नाग. शंकर नाग रिक्षाचालकांचे दैवत झाले ते १९८० च्या 'ऑटो राजा' या चित्रपटातील भूमिकेमुळे. होन्नावरच्या कोकणी कुटुंबातून आलेल्या या नटाची सुरुवातीची घडण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटातही तो होता, ही बाब बंगळुरातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला मंडप पडतो, वाद्यवृंद येतो, चित्रपटगीते होतात, वस्तीतल्या गुणवंत मुलांना आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाला शाल, पगडी आणि फळांची करंडी देऊन सन्मान होतो. प्रत्येक वस्तीला, प्रत्येक कारखान्याच्या आणि कचेरीच्या कन्नड संघाला आपला कार्यक्रम हवा असतो, आणि वक्ते व वाद्यवृंद तर मोजकेच. म्हणून उत्सव एका दिवसात मावत नाही आणि महिनाअखेरपर्यंत चालतो. भाषेची आठवण याच महिन्यापुरती ठेवणाऱ्यांना 'नोव्हेंबरचे कन्नडिग' म्हटले जाते. पण वर्षातून महिनाभर का होईना, जी भाषा कारखान्यातल्या यंत्रचालकाला आणि रिक्षाचालकाला व्यासपीठावर बसवते, तिच्या उत्सवाला उथळ म्हणणे न्यायाचे होणार नाही.

सरकारी बाजू तुलनेने सरळ आहे. मुख्यमंत्री बंगळुराच्या कंठीरव क्रीडांगणावर ध्वजवंदन करतात, शालेय मुलांची सामूहिक कवायत आणि नृत्ये होतात, जिल्ह्याजिल्ह्यांत भुवनेश्वरीच्या प्रतिमेची मिरवणूक निघते आणि तिच्यापुढे डोळ्ळु, वीरगासे, कंसाळे असे लोककलांचे ताफे चालतात. १९६६ पासून राज्योत्सव पुरस्कार दिले जातात. पुरस्कारार्थींची संख्या शिफारशींमुळे फार फुगत गेली, तेव्हा अलीकडच्या वर्षांत राज्याला जितकी वर्षे झाली तितकेच पुरस्कार असा दंडक घालण्यात आला. या पुरस्कारांत विद्वानांबरोबर शेतकरी, सुईण, तमासगीर, बाहुल्यांचे खेळ करणारा अशांची नावे येतात, हे त्यांचे मोल आहे. सर्वोच्च सन्मान 'कर्नाटक रत्न' १९९२ मध्ये कुवेंपू आणि राजकुमार यांना एकत्रच दिला गेला. कवी आणि नट एका पंक्तीत बसवण्यामागे १९८२ च्या गोकाक चळवळीची आठवण होती. माध्यमिक शाळांत कन्नडला एकमेव प्रथम भाषेचे स्थान द्यावे, ही वि. कृ. गोकाक समितीची शिफारस साहित्यिकांच्या मोर्च्यांनी पुढे सरकली नव्हती; राजकुमार रस्त्यावर उतरले तेव्हा ती जनतेची मागणी झाली. त्यांचे पुत्र पुनीत २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, राज्योत्सवाच्या तोंडावर, अकाली गेले. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला विधानसौध या विधिमंडळाच्या इमारतीपुढे त्यांना मरणोत्तर कर्नाटक रत्न दिले गेले, आणि त्या समारंभाला आलेल्या पाहुण्यांत बंगळुरात मराठी घरात जन्मलेले आणि तमिळ पडद्यावर गाजलेले रजनीकांत होते.

राज्योत्सवाचा जोर सर्वत्र सारखा नसतो, आणि त्याचा नकाशा काढला तर एक सूत्र दिसते. हासन, मंड्या, चित्रदुर्ग अशा जिथे कन्नडला कोणाचे आव्हान नाही अशा भागांत तो शाळा, तालुका कचेरी आणि साहित्य परिषदेची शाखा एवढ्यात राहतो. जिथे कन्नड स्वतःला असुरक्षित समजते त्या बंगळुरात तो रस्ते व्यापतो. ईशान्येकडच्या, पूर्वी निजामाकडे असलेल्या जिल्ह्यांत १७ सप्टेंबर हा हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीचा दिवस अधिक जवळचा वाटतो. किनाऱ्यावर तुळू आणि कोकणी, कोडगूत कोडव भाषा बोलणारे लोक राज्योत्सव मनापासून साजरा करतात, पण आपल्या भाषेला त्यात स्थान कुठे, हा प्रश्नही ते विचारतात. आणि उत्सवाचा सर्वांत मोठा जल्लोष राजधानीत होत नाही. तो होतो बेळगावात.

१ नोव्हेंबरला बेळगावात दोन मिरवणुका निघतात. सकाळी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेवरून काळ्या दिनाची निषेध फेरी निघते. दंडाला काळ्या फिती, हातात काळे आणि भगवे झेंडे, सायकलींवर तरुण, आणि त्यांत १९५६ मध्ये जन्मलेलीही नसलेली तिसऱ्या पिढीची मुले. मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाताना चंदगड तालुका वगळला गेला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी वगळले गेले नाहीत, ही ती व्यथा आहे. दुपारनंतर राणी चन्नम्मा चौकात राज्यभरातून आलेले तरुण जमतात, चित्ररथ आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती येतात, आणि रात्री उशिरापर्यंत पिवळा-तांबडा रंग चौकातून हटत नाही. या सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर यांसह काही भाग महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर कर्नाटकाला द्यावे असे सुचवले, महाराष्ट्राने ते नाकारले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दरम्यान कर्नाटकाने २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभारला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे नेमक्या राज्योत्सवाच्या दिवशी, शहराचे अधिकृत नाव बेळगावी केले. ज्या शहरात १९२४ मध्ये कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद भरली, त्याच शहरातील मराठी माणसाला त्या एकीकरणाने आपल्या भाषिक राज्याबाहेर ठेवले. दोन्ही मिरवणुकांतली तळमळ खरी आहे. एका बाजूची खरी आणि दुसरीची लादलेली असे मानणाऱ्याला बेळगाव कळणार नाही.

हेच दुःख त्याच दिवशी कन्नड माणसाच्याही वाट्याला आलेले आहे, याची आठवण महाराष्ट्रात क्वचितच ठेवली जाते. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला कासरगोड तालुका १९५६ मध्ये केरळात गेला. राष्ट्रकवी मंजेश्वर गोविंद पै यांचे गाव त्यात गेले, आणि कवी कय्यार किञ्ञण्ण रै यांनी शंभर वर्षांच्या दीर्घ आयुष्याचा मोठा भाग तो प्रदेश कर्नाटकात यावा या आग्रहात घालवला. महाजन आयोगाने चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकाला द्यावा असे म्हटले होते. केरळाने ते मानले नाही. कासरगोडचा कन्नड भाषक आणि खानापूरचा मराठी भाषक एकमेकांसमोर बसले, तर त्यांना आपापली कहाणी दुभाष्याविना समजेल.

उत्सवाच्या धार्मिक रूपाचा प्रश्नही टाळता येण्यासारखा नाही. भाषेला माता मानणे आणि मातेला देवी करणे हे कन्नड समाजाला नाडहब्बापासून स्वाभाविक वाटत आले. पण कन्नडच्या उभारणीत जर्मन मिशनरी फर्डिनांड किट्टेल यांचा १८९४ चा शब्दकोश आहे, बंगळुरात त्यांचा पुतळा आहे, आणि राज्योत्सवाच्या मंचावर ज्यांची गीते सर्वाधिक गायली जातात त्यांत 'नित्योत्सव'चे कवी के. एस. निसार अहमद हे एक आहेत. हळदकुंकवाची पूजा आणि या सर्वांचे समान नागरिकत्व यांचा मेळ बहुतेक वर्षी सहज बसतो, काही वर्षी ताणला जातो. २००४ मध्ये राज्यगीत म्हणून कुवेंपूंची रचना निवडली गेली, आणि तिच्यात सर्व धर्मांची बाग ही कल्पना असल्यामुळे हा मेळ सरकारी पातळीवर तरी सावरला गेला.

महाराष्ट्राचा १ मे याहून वेगळ्या घडणीचा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, आणि म्हणून मुंबईत त्या दिवसाचा पहिला मान हुतात्मा चौकातल्या पुष्पचक्राचा असतो. दिवसाचा स्थायीभाव आनंदाहून अधिक कृतज्ञतेचा आहे. तोच कामगार दिनही आहे, आणि त्या लढ्यात गिरणी कामगारांनी जे सोसले ते पाहता हा योग उचितच म्हणावा लागतो. ऋतूही आड येतो: मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात शाळेत ध्वजवंदन होते, निकाल वाटले जातात आणि मुले सुटीला पांगतात, तर १ नोव्हेंबर पाऊस संपल्यानंतरचा, दसरा-दिवाळीच्या आसपासचा, शाळा भरलेल्या महिन्यातला दिवस आहे. शिवाय मराठी माणसाच्या सामूहिक उत्साहाला शिवजयंती, गणेशोत्सव आणि वारी अशा वाटा आधीपासून आहेत, आणि भाषेसाठी कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचा २७ फेब्रुवारी वेगळा आहे. कन्नड समाजाने इतिहास, भाषा, देवी आणि राज्य या चारही गोष्टी एकाच तारखेवर आणून ठेवल्या. मुंबई मिळवण्यासाठी लढावे लागलेला समाज आणि बंगळूर आपल्याकडेच असूनही ते आपले वाटावे म्हणून झटणारा समाज यांचे स्थापना दिन सारखे होणे शक्यच नव्हते.

महाराष्ट्रातही राज्योत्सव होतो, आणि तो परका नाही. मुंबईत १९२६ ची म्हैसूर असोसिएशन आणि १९३३ चा कर्नाटक संघ या माटुंगा परिसरातल्या संस्था राज्य बनण्याच्या कितीतरी आधीपासून कन्नड नाटके, व्याख्याने आणि ग्रंथप्रकाशने करीत आल्या आहेत. उडुपी-मंगळूरकडून उपाहारगृहांत कामाला आलेली मुले दिवसा बशा विसळून रात्री कन्नड रात्रशाळांत शिकत. त्यांतली काही पुढे मुंबईतील नामवंत झाली. सोलापूर, अक्कलकोट आणि जत तालुक्यांतल्या कन्नड भाषकांचे तर स्थलांतरही झालेले नाही, सीमा त्यांच्या घरावरून गेली. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आजही चालतात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अशा शाळांना वेळेवर पुस्तके आणि शिक्षक मिळतात की नाही, ही दोन्ही राज्यांच्या भाषाप्रेमाची खरी परीक्षा आहे.

शाळेचाच प्रश्न आज राज्योत्सवाच्या पुढे उभा आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, राज्योत्सवाच्या आदल्या दिवशी, कन्नडला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. पण त्या दोन तारखांच्या मध्ये, ६ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाचेच प्रकरण निकाली काढताना स्पष्ट केले की, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच द्यावे अशी सक्ती राज्याला करता येणार नाही आणि माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे. त्यानंतर कर्नाटकाने २०१५ मध्ये प्रत्येक शाळेत कन्नड हा विषय सक्तीचा केला, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केला, आणि २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड अनिवार्य केले. माध्यम हातून निसटले तेव्हा दोन्ही राज्यांनी विषय धरून ठेवला. आज कंठीरव क्रीडांगणावर पिवळे-तांबडे पोशाख घालून राज्यगीत तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलांत इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांना ते गीत शिकवणाऱ्या कन्नडच्या शिक्षिकेच्या वाट्याला दिवसातून एकच तास येतो, आणि नोव्हेंबर आला की उरलेले सगळे काम बाजूला ठेवून तो तास ती या तालमीला देते.